आळ्याच्या वाटेवर : महागाई आणि पाहुणचार

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाचे नाव आळेफाटा. पुण्याहून निघाले की राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव ही गावे मागे टाकत साधारण नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर हा चौक येतो. इथून पश्चिमेला ओतूर आणि माळशेज, पूर्वेला बेल्हे, उत्तरेला संगमनेर. ज्या गावावरून फाट्याला हे नाव मिळाले ते आळे गाव चौकापासून जवळच आहे. संत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद बोलविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याच्या समाधीमुळे वारकरी मंडळींना आळे ठाऊक आहे. शेतकऱ्यांना ते कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक आहे. आम्हांला ते आमच्या धाकट्या खालामुळे. त्या आळ्यात दिलेल्या आहेत.

जुन्नर तालुका हा फार जुन्या वाटांचा मुलूख. कोकणातून देशावर येणारा नाणेघाट याच तालुक्यात आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आजही उभा आहे. सातवाहनांच्या काळी व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगितले जाते. आज पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याच्या अलीकडे चाळकवाडीचा टोलनाका आहे. रांजणाची जागा फास्टॅगने घेतली, एवढाच फरक. या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी मोजावे लागते ही गोष्ट नवी नाही. नवे आहे ते वेगळेच. आता सख्ख्या नातेवाइकाच्या दारापर्यंत जायचे म्हटले तरी माणूस आधी खिसा चाचपून पाहतो.

2025 च्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तीन दिवस आळ्यात मुक्कामाला होतो. उन्हाळा म्हणायचा तो नावालाच, कारण त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने झोडपून काढले. काढलेला कांदा झाकता झाकता शेतकऱ्यांची तारांबळ उडाली होती. त्या तीन दिवसांत जे पाहिले, ऐकले आणि ज्यावर घरात बोलणे झाले, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो आहोत. कारण गोष्ट आळ्याची असली तरी ती आपल्या सर्वांच्या घरातली आहे.

आळेफाट्याचा कांदा बाजार हा जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार. इथे भाव क्विंटलला नव्हे, तर दहा किलोला बोलतात. पिशव्या ओतल्या जातात. गोळा कांदा, गोल्टी आणि बदला असे वेगवेगळे भाव निघतात. एक नंबरचा गोळा आणि शेवटचा बदला यांच्या भावात एवढे अंतर असते की एकाच शेतकऱ्याच्या एकाच वावरातला माल कुठे हसवतो आणि कुठे रडवतो. आम्ही गेलो तेव्हा साधारण कांदा किलोला दहा-पंधरा रुपयांच्या दरम्यान जात होता. शहरात बसून आपण म्हणतो, “चला, कांदा तरी स्वस्त आहे.” आळ्यात मात्र त्या स्वस्ताईने घरोघर तोंडे उतरलेली होती.

त्याआधीच्या दोन वर्षांत या पिकाने बरेच पाहिले होते. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातच बंद झाली. 27 डिसेंबरला शिवनेरीहून पुण्याकडे शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा निघाला, त्यातली एक मोठी मागणी कांदा निर्यातबंदी उठवण्याची होती. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिले. सप्टेंबर 2024 मध्ये ते 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण गेले. तोपर्यंत उन्हाळी कांदा बाजारात येऊ लागला होता आणि भाव खाली होते. ग्राहकाला महागाईपासून वाचवायचे म्हणून जे निर्णय होतात, त्यांचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे या बाजारात उभे राहिले की समजते.

तुम्ही विचाराल, आपल्या माणसांचा यात काय संबंध? आपली किती घरे कांदा पिकवतात? प्रश्न बरोबर आहे. जुन्नर-आंबेगाव भागातल्या गावांतून मुस्लिम घरे थोडी आणि जमीनही बहुतेकांकडे बेताचीच. तांबोळी, मणियार, आतार, बागवान, मुलाणी या नावांतच त्यांचे पिढीजात धंदे लिहिलेले आहेत. गावाने विकत घेतले तर यांचे घर चालते. आमचे खालू तीस वर्षे आठवडे बाजारांतून बांगड्या आणि कटलरी विकतात. बेल्ह्याचा सोमवारचा बाजार त्यांनी क्वचितच चुकवला असेल. त्यांचे अर्थशास्त्र एका वाक्याचे आहे : “कांद्याला भाव, तर बांगडीला गिऱ्हाईक.”

हे वाक्य आम्ही बराच वेळ मनात घोळवले. कांदा पडला की शेतकऱ्याच्या घरातली बाई आधी बांगडी पुढे ढकलते. मग चप्पल, मग मुलाचा ड्रेस. खालूंच्या गाठोड्यातला माल तसाच परत येतो. पण कांदा पडला म्हणून तेल स्वस्त होत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये आयात खाद्यतेलावरचे शुल्क वाढले आणि डबा महागला. एप्रिल 2025 मध्ये घरगुती गॅस सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढला. 1 मेपासून काही मोठ्या कंपन्यांचे पिशवीतले दूध लिटरला दोन रुपयांनी महाग झाले. उलट जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभराच्या पुढे गेला, तेव्हा शेजारच्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ज्यांच्याकडे माल होता त्यांनी चांगले पैसे पाहिले. खालांनी मात्र तो महिना सालनात चिंच घालून काढला. म्हणजे विकायचे ते पडते आणि घ्यायचे ते चढते, अशा दोन्ही दगडांखाली हात असलेली ही घरे आहेत. शहरात पगारदार माणूस महागाई एकाच बाजूने सोसतो. बाजारात बसणारा माणूस ती दोन्ही बाजूंनी सोसतो.

सरकारच्या 2023-24 च्या कुटुंब खर्च पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 4,122 रुपये होता. त्यातला जवळजवळ 47 टक्के खर्च खाण्यापिण्यावर होता. खाण्यापिण्यातही सर्वांत मोठा वाटा धान्याचा किंवा भाजीचा नव्हता. तो चहापाणी, नाश्ता आणि बाहेरचे तयार पदार्थ यांचा होता. हा आकडा वाचून आम्हांला खालांच्या घरातला पाहुण्यांचा ट्रे आठवला. पूर्वी पाहुणा आला की चहा आणि घरची शंकरपाळी किंवा खारी. आता थंड पेयाची बाटली, दोन प्रकारची बिस्किटे, फरसाण, वर केळी किंवा सफरचंद. हे सगळे दुकानातून येते आणि याचा सगळा खर्च रोख असतो. घरात पीठ-गूळ असले तर शंकरपाळी उधारीवरही होत असे. बाटली उधारीवर कमीच मिळते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. महागाई वाढली की घर कशात काटकसर करते? तेलात थोडी, मटणात पुष्कळ. बकऱ्याचे मटण किलोला आठशेच्या घरात गेल्यापासून ते जुम्म्याच्या ताटातून उठून ईद आणि पाहुण्यांपुरते राहिले. मुलांच्या शिक्षणात शक्यतो कोणी हात आखडत नाही. दवाखान्यात आखडता येत नाही. मग सर्वांत आधी आणि सर्वांत गुपचूप काय कमी होते? येणे-जाणे. कारण त्याचे बिल कोणी पाठवत नाही. लाइट बिल भरले नाही तर तार कापतात. फुफीकडे दोन वर्षे गेलो नाही तर कोणी नोटीस पाठवत नाही.

खालांनी आम्हांला हिशेबच मांडून दाखवला. मंचरला नणंदेकडे जायचे. तिथे रिकाम्या हाताने कसे जायचे? तर पावशेर मिठाई, लेकरांना बिस्किटे. निघताना लहानांच्या हातावर पन्नास-पन्नास. शिवाय एसटीचे तिकीट. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, त्याचा फार आधार झाला. पण जानेवारी 2025 मध्ये भाडे जवळपास 15 टक्क्यांनी वाढले आणि पुरुषांना तर ते पूर्णच द्यावे लागते. याचा एक परिणाम आम्ही आमच्या नात्यातच पाहतो. आता दुखवट्याला, बारशाला, अकीक्याला बायकाच जातात. पुरुष फोनवरून “माफ करा, कामात होतो” म्हणतात. दोन भाऊ दीड-दीड वर्ष एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. मन मोठे असते, भांडण तर मुळीच नसते. तिकिटाच्या हिशेबात भेट राहून जाते.

लग्नांचे तर विचारू नका. निकाह साधा असावा हे आपण सगळे बोलतो, पण वलीम्याच्या ताटाचा भाव केटरर ठरवतो आणि पाकिटाचा भाव बिरादरी ठरवते. एकेकाळी एकशे एक रुपयाचे पाकीट चालत असे. आता पाचशे एकच्या खाली हात जात नाही. देणाऱ्याला वाटते, ताटच तीन-चारशेला पडले असेल, आपण कमी कसे द्यायचे? मग हंगामात चार लग्ने आली की दोन हजार पाकिटांत आणि तेवढेच कपडे व प्रवासात. ज्यांना हे झेपत नाही ते सफेदपोश लोक काय करतात? ते आजारी पडतात. म्हणजे तसे कळवतात.

ही लाजाळू सबब मुलांपर्यंतही पोहोचली आहे, हे आम्ही आमच्या शाळेत रोज पाहतो. वर्गात वाढदिवसाला चॉकलेट वाटायची पद्धत. पूर्वी एक रुपयाची गोळी पुरत असे. आता कोणी पाचाचे, कोणी दहाचे वाटते. साठ मुलांचा वर्ग असला तर तीनशे ते सहाशे रुपये झाले. एक हुशार मुलगा सलग तीन वर्षे सांगतो की त्याचा वाढदिवस रविवारी येतो. कॅलेंडर असे चालत नाही, हे त्याला गणितात पैकीच्या पैकी मिळवताना चांगले कळते. तो खोटे बोलत नाही, तो अब्बांची आब राखतो.

येणे-जाणे कमी झाल्याने नुकसान काय होते? चार पैसे वाचले, बरेच झाले, असे कोणी म्हणेल. खालांच्या घरची एक हकीकत सांगतो. मंचरच्या त्याच नणंदेच्या पायाला साखरेच्या आजाराने जखम झाली. आधी घरगुती उपाय, मग दवाखाना, मग दाखल करावे लागले. फोनवर त्या “ठीक आहे, अल्लाहचे करम आहे” एवढेच म्हणत राहिल्या. आळ्याला खरी गोष्ट कळली ती दोन महिन्यांनी, कोणाच्या तरी मयताच्या घरी. तोपर्यंत नणंदेच्या सुनेने आठवड्याला हप्ता घेणाऱ्या गटातून कर्ज काढले होते. त्याच महिन्यात खालांची भिशी लागलेली होती. पैसे कपाटात होते. एकदा कोणी जाऊन चहा पिऊन आले असते तर ते पैसे उसने म्हणून मंचरला पोहोचले असते. व्याज नाही, सही नाही, आठवड्याला दारात कोणी उभे नाही.

यात महागाईचा खरा खर्च दिसतो. आपल्या घरांत येणे-जाणे ही केवळ हौस नव्हती, ती आपली बँक होती. कोणाकडे काय अडले आहे, कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाचा मुलगा काम शोधतो आहे, कोणाच्या घरी धान्य संपत आले आहे, हे फोनवर कळत नाही. ते चुलीजवळ बसल्यावर कळते. माणूस फोनवर “खैरियत” सांगतो, पण डबा उघडताना त्याचा तळ दिसतो. भेटी बंद झाल्या की उसनवार बंद होते. आणि उसनवार बंद झाली की दारातून सूद आत येतो. शंभर रुपयाचे तिकीट वाचवून आपण हजारोंच्या हप्त्याला वाट करून देतो.

मग करायचे काय? या बाबतीत आळ्याच्या त्या घराने गेल्या वर्षापासून जे सुरू केले आहे ते आम्हांला पटले. त्यांनी भेटी कमी केल्या नाहीत, भेटीची किंमत कमी केली.

पहिली गोष्ट, पाहुण्यांचा ट्रे बंद. जो येईल त्याला चहा, आणि जेवणाची वेळ असेल तर घरात जे शिजले असेल ते. सालनात पाणी वाढवा पण शेजाऱ्याला विसरू नका, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खाला म्हणतात, “बेटा, रस्सा पातळ झाला तर पाहुणा परत येतो. बाटली आणायला पैसे नाहीत म्हणून दार बंद ठेवले तर तो परत येत नाही.” आम्ही तिथे होतो त्या तीन दिवसांत दोनदा पाहुणे आले. एकदा पिठले-भाकरी आणि कच्चा कांदा होता, एकदा मसूर डाळ आणि भात. कांदा तर आळ्याचाच, त्याची काय कमी! पाहुणे दोन्ही वेळा उशिरापर्यंत बसले.

दुसरी गोष्ट, नात्यातल्या सात-आठ घरांनी आपसात बोलून पाकिटे बंद केली. लग्न ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे आधीच जाऊन विचारायचे, कशाची गरज आहे? मग कोणी तांदूळ घेते, कोणी मांडवाचे काम अंगावर घेते, कोणी फक्त दोन दिवस राबते. ज्याच्याकडे काही नाही त्याने फक्त यायचे आणि दुआ द्यायची. सुरुवातीला दोन घरे नाराज झाली, कारण त्यांनी आधी दिलेली पाकिटे वसूल व्हायची होती. त्यांच्याकडची लग्ने जुन्या पद्धतीने होऊ दिली आणि मग नवा नियम लावला. ही समज महत्त्वाची आहे. काटकसर कोणाच्या तोट्यावर सुरू केली तर ती टिकत नाही.

तिसरी गोष्ट भिशीची. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी मधल्या काळात मोबाइलवर गेली होती. पैसे फोनवरून जमा आणि नंबर फोनवरच काढायचा. सोयीचे होते, पण महिन्यातून एकदा भेटायचे निमित्त गेले. आता पुन्हा पाळीपाळीने एकेकीच्या घरी बसतात. नियम एकच, चहाशिवाय काही ठेवायचे नाही. जी जास्त ठेवेल तिला पुढच्या वेळी सगळ्यांच्या चपला मांडाव्या लागतात. खाला हसत म्हणाल्या, अजून कोणावर ती वेळ आली नाही.

रमजानमध्येही असेच केले. मशिदीत इफ्तारी पाठवताना घराघरांत नकळत चढाओढ होत असे. आता घरांच्या पाळ्या ठरल्या आहेत. खजूर, केळी, भजी आणि पाणी, सर्वांचे सारखे. ईदच्या शीरखुर्म्याचेही तसेच. चारोळी-पिस्त्याचा भाव पाहून काही घरांनी शेजाऱ्यांना बोलावणेच सोडले होते. यंदा खालांनी आणि जावेने मिळून एकच पातेले केले. सुका मेवा थोडा, खारीक आणि शेवया जास्त, दूध शेजारच्या गोठ्यातले. वाट्या लहान केल्या, पण गल्लीतल्या एकाही हिंदू घरी वाटी गेली नाही असे झाले नाही. दिवाळीला त्याच घरांतून फराळाचे ताट येते. तेही आता लहान झाले आहे, हे खालांनी कधीच ओळखले होते. दोन्हीकडच्या वाट्या लहान झाल्या तर कोणालाच लाज वाटायचे कारण उरत नाही.

हे सगळे करून महागाई जाणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तेलावरचे शुल्क दिल्लीत ठरते, कांद्याचा भाव पाऊस आणि बाजार ठरवतो. सुनेच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये येतात, ते सिलिंडर आणि वह्यांत जातात. खालूंचा धंदा मंदच होता आणि मेच्या पावसात भिजलेला कांदा पाहून पुढचे चार महिने कसे जातील हे त्यांना तेव्हाच दिसत होते. पण या वर्षी त्यांच्या घरातून नात्यात कोणी आजारी आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, असे झालेले नाही. बेल्ह्याच्या बाजारात माल उठला नाही तेव्हा मालाचे पैसे द्यायला धाकट्या साडूने हातउसने दिले. ते साडू त्याच आठवड्यात पिठले-भाकरी खाऊन गेले होते.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, घराचे बजेट आपण लिहून काढतोच. त्यात किराणा, गॅस, फी, दवाखाना असे रकाने असतात. आमची विनंती एवढीच की एक रकाना भेटींचा ठेवावा, आणि त्यात रुपये न लिहिता नावे लिहावीत. या महिन्यात कोणाकडे जायचे, कोणाला बोलवायचे. महिनाअखेर पाहावे, किती नावांवर खूण झाली. मिठाई परवडत नसेल तर नेऊ नये. समोरच्याने ट्रे ठेवला नाही तर मनात आणू नये, उलट आपल्या घरीही ठेवू नये. ताट साधे करायला पैसे लागत नाहीत, फक्त कोणीतरी आधी सुरुवात करावी लागते. ज्यांची परिस्थिती बरी आहे त्यांनी ती आधी करावी, कारण साधेपणा गरिबाने केला तर लोक त्याला गरिबी म्हणतात आणि ऐपतदाराने केला तर रिवाज म्हणतात.